उत्तर आलं, पण ताळा जमला का?

पत्राचा गोषवारा: अर्थशास्त्रात एम.ए. करून पीएचडीला आलेली एक विद्यार्थिनी लिहिते. पहिलं वर्ष संपत आलंय. ज्यांचं उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं अशी कुटुंबं बचतीचा निर्णय कसा घेतात, हा तिचा विषय. ‘असले प्रश्न आता कागद-पेन्सिलीवर सुटत नाहीत, संगणकीय पद्धती शिकून घ्या,’ असं गाईडनी सांगितलं. ते स्वतः मात्र त्या वाटेने गेलेले नाहीत. गेले आठ महिने ती शिकतेच आहे. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेचा एक कोर्स पूर्ण झाला, आर या दुसऱ्या भाषेचा अर्ध्यावर आहे, ज्युलिया ही तिसरी भाषा सुरू करून सोडली, मशीन लर्निंगचे चार धडे ऐकून झाले. संशोधनाची एक ओळ लिहून झालेली नाही. बरोबरची इंजिनिअरिंग आणि भौतिकशास्त्रातून आलेली मुलं भराभर मॉडेलं चालवून दाखवतात. ती एआयकडून कोड लिहून घेते, तो चालतो, आकडेही येतात. ‘पण ते बरोबर आहेत का असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्या विचाराने रात्री झोप लागत नाही.’ जाता जाता तिने हेही लिहिलंय की एम.ए.च्या प्रबंधासाठी एका छापून आलेल्या पेपरमधला तक्ता तिने त्याच डेटावरून पुन्हा काढून पाहिला होता आणि तिचा आकडा जुळला नव्हता. ‘हे माझं काम नाही हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.’ आता विचारते: आणखी सहा महिने देऊन आधी प्रोग्रामिंग पक्कं करू, की विषय बदलून निव्वळ सिद्धांताकडे वळू?

प्रिय मैत्रिणी,

तुमची झोप उडाली याचं वाईट वाटतं, पण तिचं जे कारण तुम्ही दिलंय ते वाचून मला तुमच्याबद्दल खात्री वाटायला लागली. संगणकाने दिलेला आकडा पाहून ‘हा बरोबर कशावरून?’ असं ज्याच्या मनात येत नाही, त्याला हे काम शिकवणं फार अवघड असतं. तुमच्या मनात ते आपसूक येतं. त्या प्रश्नाचं पुढे काय करायचं हे आठ महिन्यांत एकाही कोर्सने सांगितलं नाही, अडचण तेवढीच आहे.

शाळेत भागाकार शिकताना बाई ताळा करायला लावायच्या. भाजकाला भागाकाराने गुणायचं, बाकी मिळवायची, मूळ संख्या परत आली तर उत्तर बरोबर. उत्तर काढायची रीत वेगळी आणि तपासायची रीत वेगळी असायची, म्हणून त्या ताळ्याला अर्थ होता. तेच गणित त्याच रीतीने पुन्हा केलं तर तीच चूक पुन्हा होते. संगणकीय अर्थशास्त्रात इतक्या वर्षांत मी जे शिकले त्यातलं निम्म्याहून अधिक म्हणजे निरनिराळ्या मॉडेलांना लावायचे निरनिराळे ताळे. प्रोग्रामिंग लागतंच, पण ते अक्षरओळखीसारखं लागतं. अक्षरं येतात म्हणून निबंध लिहिता येत नाही, आणि अक्षरं अधिक घोटली म्हणून निबंध सुचत नाही.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: आधी सगळी हत्यारं गोळा करायची, सगळ्यांना धार लावायची आणि मगच लाकडाला हात घालायचा. हे गृहीतक तुमचं एकटीचं नाही. मला येणाऱ्या दर तीन-चार पत्रांत ते असतं. पण प्रश्न हातात नसताना शिकलेलं तंत्र दोन महिन्यांत विसरायला होतं, कारण ते अडकवायला खुंटीच नसते. आणखी सहा महिने दिलेत तर हाताशी आणखी दोन-तीन अर्धवट कोर्स येतील. म्हणून तुमच्या पहिल्या पर्यायाला माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे.

दुसरं गृहीतक जरा आत दडलेलं आहे. ‘संगणकीय’ म्हणजे संगणकापासून सुरू होणारं काहीतरी, असं तुम्ही मानताय. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांचं वस्त्या वेगळ्या पडण्याबद्दलचं प्रसिद्ध मॉडेल आठवा. १९७१ साली तो निबंध आला. दोन प्रकारची नाणी चौकटीच्या पटावर मांडायची. शेजाऱ्यांपैकी निदान एक-तृतीयांश आपल्यासारखे असावेत एवढीच प्रत्येक नाण्याची अपेक्षा. ती पुरी होत नसेल तर नाण्याने रिकाम्या घरात जायचं. अपेक्षा इतकी माफक असूनही पट हळूहळू जवळजवळ दुभंगतो. शेलिंग यांनी हे हाताने नाणी सरकवत पाहिलं होतं. एकेकाच्या छोट्या नियमातून सगळ्यांचं मिळून काय होतं, हा विचार आधी होता. यंत्र नंतर आलं.

अर्थतज्ज्ञ बिल फिलिप्स यांनी १९४९ साली लंडनमध्ये दाखवलेलं यंत्र तर मला फारच प्रिय आहे. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि त्यांतून वाहणारं रंगीत पाणी, म्हणजे देशाचं उत्पन्न. बचत एका नळीने बाजूला निघायची, गुंतवणूक दुसरीने परत यायची. अशा यंत्राला गळती लागली तर जमीन ओली होणार, लपून राहणार नाही. कोडमधल्या गळतीने काहीच ओलं होत नाही. ती दिसावी म्हणून आपल्याला मुद्दाम सोय करावी लागते: दर पावलाला उत्पन्न बरोबर उपभोग अधिक बचत होतं का, ते कोडलाच तपासायला लावायचं आणि नाही झालं तर तिथल्या तिथे थांबवायचं. ही एक ओळ लिहायला मिनिट लागतं. तिने माझे किती आठवडे वाचवले असतील याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती तुमच्या विषयाच्या अगदी शेजारची आहे. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मी दोन धोरणांची तुलना करत होते: कुठल्या धोरणात कुटुंबाचं आयुष्यभराचं समाधान जास्त. पद्धत नेहमीची, व्हॅल्यू फंक्शनवर (आज हाती इतकं असेल तर पुढे एकूण किती समाधान मिळेल ते सांगणारं फलन) पुन्हा पुन्हा तीच क्रिया करत जायची आणि ते बदलायचं थांबलं की उत्तर मिळालं असं समजायचं. दोन फेऱ्यांतला फरक ०.०१ पेक्षा कमी झाला की थांब, असं मी कोडला सांगितलं होतं. एक शतांश म्हणजे नगण्य, असं वाटलं. दोन धोरणांतला फरक ०.४ आला, मी तो एका चर्चासत्रात मोठ्या आत्मविश्वासाने मांडला. मागच्या रांगेतून एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, “लूप कुठे थांबवलात? आणि बीटा किती?” बीटा, म्हणजे उद्याच्या समाधानाला आजच्या तुलनेत दिलेलं वजन, ०.९९ होता. शेवटच्या दोन फेऱ्यांतलं अंतर म्हणजे खऱ्या उत्तरापासूनचं अंतर नव्हे; ते त्याच्या बीटा भागिले एक वजा बीटा, इतक्या पटीपर्यंत असू शकतं. इथे ती पट ९९ होती. म्हणजे माझी चूक जवळजवळ १ पर्यंत असू शकत होती आणि मी ०.४ चा शोध लागल्याचं सांगत होते. घरी येऊन थांबायची अट हजार पटींनी कडक केली. दोन धोरणांतला फरक जवळपास नाहीसा झाला.

कोडमध्ये एकही चूक नव्हती, हे लक्षात घ्या. प्रोग्रामिंग उत्तम येणाऱ्या माणसालाही माझी चूक सापडली नसती. मॉडेलमधलं गणित कळणाऱ्या आणि शंका घेणाऱ्या माणसाला ती एका प्रश्नात सापडली. इंजिनिअरिंगमधून आलेल्या मुलांपुढे तुम्हाला कमी वाटतं ना? त्यांचा हात कीबोर्डवर वेगाने चालतो, हे खरं, आणि तो वेग त्यांच्याकडून जरूर उचला. त्यांच्यातल्या एखाद्याबरोबर आठवड्यातून एकदा बसा, एकमेकांचा कोड मोठ्याने वाचा. पण गरीब कुटुंबाची बचत उत्पन्न वाढल्यावर कमी कशी झाली, असं विचारायला जी जाण लागते ती तुम्ही अर्थशास्त्रातूनच आणलेली आहे. तोही एक ताळाच असतो.

आता कामाचं बोलू. तुमच्या विषयासाठी मी तीन पायऱ्या सुचवेन. प्रत्येक पायरीची निवड एकाच कारणाने केलीय: तिथे उत्तर तपासायची स्वतंत्र सोय आहे.

पहिली पायरी विल्यम ब्रॉक आणि लिओनार्ड मिरमन यांच्या नावाने ओळखलं जाणारं १९७२ चं वाढीचं मॉडेल. गोष्ट साधी आहे: दर हंगामात जे धान्य आलं त्यातलं खायचं किती आणि पेरायचं किती? समाधान लॉगरिदमने मोजलं आणि पेरलेलं सगळं त्या एका हंगामातच संपतं असं धरलं, तर या प्रश्नाचं उत्तर कागदावर निघतं. उत्पादनाचा अल्फा गुणिले बीटा एवढा हिस्सा पेरायचा, बाकीचं खायचं. (अल्फा म्हणजे पेरलेलं एक टक्का वाढवलं तर उत्पादन किती टक्के वाढतं ते.) अल्फा ०.३ आणि बीटा ०.९६ घेतलं तर तो हिस्सा ०.२८८, म्हणजे २९ टक्क्यांच्या आसपास. हवामानाचे धक्के नसतील आणि उत्पादन म्हणजे भांडवलाचा अल्फा घात एवढंच असेल, तर भांडवल, म्हणजे पेरलेलं धान्य, ०.१६९ च्या जवळ येऊन स्थिरावतं. आधी हे कागदावर स्वतः काढा. मग उत्तर माहीतच नाही असं समजून हाच प्रश्न संगणकाकडून सोडवून घ्या. तुमचा आकडा आणि कागदावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवा.

खरं शिकणं त्यानंतर सुरू होतं. भांडवलाचे ५० बिंदू घेतले तर चूक किती, ५०० घेतले तर किती? या बिंदूंच्या रांगेचं, म्हणजे ग्रिडचं, वरचं टोक फार खाली ठेवलं तर बचतीची रेषा तिथे जाऊन कशी वाकते? बीटा ०.९६ वरून ०.९९ केला तर फेऱ्या किती वाढतात? दोन-तीन आठवडे यात गेले तरी जाऊ द्या. या खेळण्यातून बोटांना जी जाण येते ती पुढच्या प्रत्येक मॉडेलला पुरते, आणि ज्या मॉडेलचं उत्तर ठाऊक नाही तिथे कशाची भीती बाळगायची हे तिच्यामुळेच कळतं.

दुसरी पायरी थेट तुमच्या विषयाची. अँगस डीटन यांचा १९९१ चा निबंध घ्या: उत्पन्न अनिश्चित, कर्ज मिळत नाही, अशा वेळी माणूस गाठीला किती ठेवतो. इथे कागदावर उत्तर निघत नाही, पण ताळे भरपूर आहेत. अनिश्चितता शून्य करा, कुटुंबाची अधीरता आणि व्याजदर एकमेकांना तोलतील असे ठेवा, सुरुवातीची शिल्लक शून्य धरा. तुमच्या कोडमधल्या कुटुंबाने आलेलं सगळं उत्पन्न दर महिन्याला खर्च केलं पाहिजे. नाही केलं तर पुढे जायचं नाही. मग अनिश्चितता थोडी थोडी वाढवा. समाधान मोजायचं नेहमीचं सूत्र, म्हणजे उपयोगिता फलन, घेतलं असेल तर गाठीची बचत वाढत गेली पाहिजे. त्यानंतर ख्रिस्तोफर कॅरोल यांनी २००६ साली मांडलेली ग्रिड उलट्या बाजूने रचण्याची युक्ती वापरून हाच प्रश्न पुन्हा सोडवा. ती कितीतरी वेगवान आहे, पण वेगापेक्षा मला तिचा दुसरा उपयोग मोठा वाटतो: दोन निराळ्या रीतींनी एकच रेषा आली, तर शाळेतला ताळा जमला.

याच टप्प्यावर ऑयलर समीकरणाची तपासणी शिकून घ्या. जिथे कर्जबंदी आड येत नाही तिथे आज थोडं कमी खाऊन उद्यासाठी ठेवलं तर नफाही नको आणि तोटाही नको, असं खरं उत्तर असतं. तुमच्या उत्तरात हा तोल किती ढळतो ते उपभोगाच्या प्रमाणात मोजा, आणि मोजताना ग्रिडवरचे बिंदू न घेता दोन बिंदूंच्या मधले घ्या. ग्रिडवर सगळं छान दिसतंच. चुका मधल्या जागेत राहतात.

तिसरी पायरी राव अय्यागारी यांचं १९९४ चं मॉडेल: अशी पुष्कळ कुटुंबं, आणि त्यांच्या बचतीतूनच ठरणारा व्याजदर. इथे निदान दोन ताळे हवेत. सगळेच जण अडीअडचणीसाठी साठवतात म्हणून समतोलातला व्याजदर अधीरतेच्या दरापेक्षा (एक भागिले बीटा, वजा एक) कमी यायला हवा, बीटा ०.९६ असेल तर ४.१७ टक्क्यांच्या खाली. दुसरा ताळा माझा आवडता. भांडवलाचा बाजार जमवून झाला की वस्तूंच्या बाजाराचं समीकरण, जे तुम्ही वापरलेलंच नाही, ते आपोआप जमलेलं असलं पाहिजे. नाही जमलं तर कुठेतरी पाणी गळतंय. या पायरीला सहा महिने लागू शकतात आणि ते सहा महिने पीएचडीचेच धरा. तुमच्या विषयातलं नवं काही बहुधा इथूनच फुटेल.

या तिन्ही पायऱ्यांसाठी थॉमस सार्जंट आणि जॉन स्टाचर्स्की यांनी उभ्या केलेल्या क्वांटइकॉनच्या मोफत व्याख्यानमाला आहेत, पायथॉनमध्येही आणि ज्युलियामध्येही. त्यांतला कोड मात्र उतरवून घेऊ नका. समीकरणापर्यंत वाचा, पान बंद करा, स्वतः लिहा, मग ताडून पाहा.

भाषेचा प्रश्न दोन वाक्यांत संपवते. तुमचं पायथॉन झालंय, तिथेच थांबा. अरुओबा आणि फर्नांडेझ-व्हिलावेर्दे यांनी एकच वाढीचं मॉडेल अनेक भाषांत लिहून वेग मोजला होता. त्यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. साधं पायथॉन सी प्लस प्लसपेक्षा शंभराहून अधिक पट मंद निघालं, पण पायथॉनचा वेग वाढवणारं नुम्बा हे साधन जोडल्यावर दुपटीहूनही कमी मंद राहिलं. तुमच्या कामाला एवढं पुरेसं आहे.

(हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमचा प्रश्न एकमेकांवर परिणाम करणाऱ्या असंख्य व्यक्तींचा असेल तर शेलिंगचा पट नेटलोगो या सॉफ्टवेअरमध्ये मांडून सुरुवात करा, मध्यवर्ती बँकेच्या धोरणासारखा असेल तर डायनेअर या सॉफ्टवेअरकडे जा, आणि डेटाच मोठा असेल तर आर किंवा स्टाटा हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर, जे तुमच्या विभागात चार लोकांना येतं ते. शेजारी विचारायला माणूस असणं हे कुठल्याही भाषेच्या गुणांपेक्षा मोठं असतं.)

डेटावर काम करणाऱ्यांना ताळा निराळ्या ठिकाणी लावावा लागतो. दोन तक्ते जोडण्याआधी आणि जोडल्यानंतर ओळी मोजा. एका कुटुंबाच्या दोन ओळी असतील तर जोडणी गुपचूप सगळं दुप्पट करते. वयाच्या रकान्यात ९९ दिसलं तर तो म्हातारा माणूस आहे की ‘माहिती नाही’चा संकेत, ते नोंदपुस्तिकेत बघा. आणि आपण घेतलेले छोटे छोटे निर्णय लिहून ठेवा. निक हंटिंग्टन-क्लाइन आणि सहकाऱ्यांनी सात-सात संशोधकांना एकच डेटा आणि एकच प्रश्न देऊन पाहिलं, असं दोन अभ्यासांबाबत केलं; २०२१ साली ते छापून आलं. कुठल्याही दोघांच्या नमुन्यातल्या व्यक्तींची संख्यासुद्धा सारखी आली नाही. एका अभ्यासात तर परिणामाचं चिन्हच काहींचं उलटं आलं. यात लबाडी कुणाचीच नव्हती. कुणाला वगळायचं, कुणाला धरायचं हे प्रत्येकाने आपापल्या परीने प्रामाणिकपणे ठरवलं होतं.

सॉफ्टवेअरवरही डोळे मिटून विसंबू नका. जेम्स लाँगली यांनी १९६७ साली फक्त १६ निरीक्षणांचा एक डेटा घेऊन रिग्रेशन (एका चलाचा इतर चलांशी संबंध मोजायची रीत) आधी हाताने, अतिशय काळजीपूर्वक केलं आणि मग तोच डेटा तेव्हाच्या वेगवेगळ्या प्रोग्रामांना दिला. स्पष्टीकरण देणारी चलं एकमेकांच्या फार जवळ चालणारी होती, यंत्रांचे अंक मर्यादित होते. काही प्रोग्रामांची उत्तरं हाताच्या उत्तरापासून पार भरकटली. आजची सॉफ्टवेअर पुष्कळ सुधारली आहेत, पण दशांश संख्या अजूनही सुमारे १६ अंकांतच बसवतात. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथॉनमध्ये करून ती ०.३ शी बरोबर आहे का ते विचारा. नाही म्हणेल.

एआयबद्दल तुम्ही जरा अपराधी सुरात लिहिलंय. वापरा, त्यात कमीपणा नाही. फक्त क्रम बदला. आधी स्वतः ताळा लिहा: या कोडने कुठल्या सोप्या प्रसंगी काय उत्तर द्यायलाच हवं, त्या चार-पाच अटी. त्या तुमच्या डोक्यातून, कागदावरून आल्या पाहिजेत. मग कोड एआयला लिहू द्या आणि तुमच्या अटींवर घासून पाहा. कोड आणि ताळा दोन्ही त्याच्याकडूनच घेतलेत तर विद्यार्थ्यालाच पेपर तपासायला दिल्यासारखं होईल. आणि जी ओळ तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ती प्रबंधात ठेवायची नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. पहिल्या पायरीचा कोड मात्र पूर्णपणे स्वतःच्या हाताने लिहा. तो शंभर ओळींच्या आत बसतो.

सवयींबद्दल थोडं. रोजकीर्द ठेवा: आज काय करून पाहिलं, काय निघालं, कशाची शंका आली. तीन ओळी पुरतात. कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवा म्हणजे ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरंच फायनल’ अशा फायली साचणार नाहीत. मूळ डेटाला कधीही हात लावू नका. एक आज्ञा दिली की मूळ डेटापासून शेवटच्या तक्त्यापर्यंत सगळं पुन्हा घडलं पाहिजे. यादृच्छिक आकडे वापरत असाल तर सीड, म्हणजे ते आकडे ज्या अंकापासून सुरू होतात तो, नोंदवा, आणि निष्कर्ष काढण्यापूर्वी निदान दहा वेगळी सीड टाकून पाहा. एकाच सीडवर उभा असलेला निष्कर्ष मी तरी छापणार नाही.

गाईडना ही पद्धत येत नाही याची तुम्हाला खंत आहे. त्यांच्याकडून कोडची अपेक्षा ठेवू नका, ताळ्याची ठेवा. महिन्यातून एकदा एकच आलेख घेऊन जा आणि विचारा, “सर, अशी परिस्थिती असेल तर कुटुंबं खरंच असं वागतील का?” आयुष्यभर बचतीवर विचार केलेला माणूस या प्रश्नाला जे उत्तर देईल ते कुठल्याही प्रोग्रामिंगच्या मंचावर मिळणार नाही. कोडसाठी दुसऱ्या विभागातला एखादा जाणकार सल्लागार समितीत घेता येईल का, हेही त्यांनाच विचारा. बहुतेक गाईडना असं विचारलेलं आवडतं, कारण त्यांच्या मनावरचंही ओझं उतरतं.

राहिला सिद्धांताकडे वळण्याचा पर्याय. तो वाईट नाही, पण तुम्ही तो पळवाट म्हणून मागताय आणि तिथेही हाच प्रश्न भेटेल: सिद्धता बरोबर आहे हे कशावरून? मला तर दोन्हींत फार मोठी भिंत दिसत नाही. पहिल्या पायरीत कागद लागला तो ताळ्यासाठीच. तुमचं गणित चांगलं असेल तर ते इथे सर्वांत उपयोगी पडेल. दुसऱ्या पायरीपर्यंत जाऊन पाहा, तीन महिने द्या. मग हे काम आवडत नाही असं वाटलं तर खुशाल बदला. जमत नाही या समजुतीने मात्र आत्ताच बदलू नका.

आणि आता ते वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. छापील पेपरमधला तक्ता जुळला नाही, म्हणून हे आपलं काम नाही.

थॉमस हर्नडन नावाचा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा विद्यार्थी इकॉनोमेट्रिक्सच्या, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणाच्या, वर्गाचा गृहपाठ करत होता. छापून आलेला एखादा पेपर पुन्हा काढून दाखवायचा, एवढंच काम. त्याने कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा सार्वजनिक कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा २०१० चा गाजलेला निबंध निवडला. त्याचे आकडे जुळेनात. त्यालाही आधी आपलंच चुकतंय असं वाटलं. शेवटी त्याने लेखकांकडे त्यांची एक्सेलची फाईल मागितली, आणि त्यांनी ती दिली. एका सूत्रात सरासरी काढताना २० पैकी पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. २०१३ साली त्याने आपल्या दोन प्राध्यापकांबरोबर, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांच्याबरोबर, हे मांडलं: कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के छापली होती, त्यांच्या हिशेबाने ती २.२ टक्के निघाली. या फरकातला एक्सेलच्या चुकीचा वाटा लहान होता, साधारण ०.३ टक्क्यांचा. बाकीचा बहुतेक फरक काही वर्षं वगळण्यातून आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीतून आला होता. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली. एकूण दिशेबद्दलचं आपलं मत त्यांनी कायम ठेवलं.

आणि हा एकच प्रसंग नाही. अँड्र्यू चँग आणि फिलिप ली यांनी १३ नियतकालिकांतले ६७ निबंध लेखकांच्याच फायलींवरून पुन्हा काढायचा प्रयत्न केला. २०१५ सालचा त्यांचा अहवाल आहे. लेखकांना न विचारता फक्त २२ जमले. तेव्हा तुमचा आकडा जुळला नाही यावरून तुमच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चूक तुमची असेल, त्यांची असेल, किंवा दोघांचीही नसेल आणि मधला एखादा निर्णय पेपरमध्ये लिहायचा राहिला असेल. तीनही शक्यता सारख्याच गंभीरपणे घ्या.

म्हणून ब्रॉक-मिरमन उघडण्याआधी एक करा. ती जुनी फाईल शोधा. तक्ता पुन्हा काढा, पण आता पायथॉनमध्ये, मूळ डेटापासून, प्रत्येक जोडणीनंतर ओळी मोजत. नमुन्यातली संख्या त्यांच्या तक्त्यातल्या संख्येशी कुठल्या पावलावर फुटते ते पाहा. बहुतेक वेळा गाठ तिथेच असते. तरीही नाही जुळला तर लेखकांना पत्र लिहा. आधी त्यांच्या कामाचा तुम्हाला काय उपयोग झाला ते एका वाक्यात. मग तुमचा आकडा, त्यांचा आकडा, तुम्ही उचललेली पावलं. आणि ‘माझ्याकडून कुठे सुटलंय ते सांगाल का?’ एवढाच प्रश्न. कोड सोबत जोडा. चूक तुमची निघाली तर ती कुठे होती हे पहिल्यांदाच नेमकं कळेल. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि तोवर धान्य किती पेरायचं ते काढायला घ्या.